बुजवलेला बोगदा

बाहुलीला हात कोण लावतं, एवढंच म्हाताऱ्याला जाणून घ्यायचं होतं.

गवंडीकाम सुटल्यावर त्याने मागच्या खोलीत, टेबलावर, आख्खी रेल्वे उभारली होती. रूळ, विजेवर चालणारी गाडी, फलाट, प्लास्टरचा डोंगर, डोंगरात बोगदा. फलाटावर बायकोची बाहुली, बोटाच्या पेराएवढी, हातात छत्री. बायकोला गाडी चुकायची भारी धास्ती. स्टेशनवर आधीच जाऊन बसायची आणि नवरा रेंगाळला की छत्रीचं टोक फरशीवर आपटायची. टक, टक. शेवटी गेलीही त्याच्याआधीच.

बाहुली त्याने पक्की चिकटवली होती. तरी रोज ती बोगद्याकडे जराशी सरकलेली.

"सूनबाई, फडकं मारताना धक्का लागतो."

"बाबा, तुमच्या भीतीने मी त्या खोलीत पाऊलही टाकत नाही."

मुलगा मध्ये पडला. "तुम्हीच हलवता आणि विसरता. ते टेबल आता काढूया. तुम्ही बाहेर झोपा, आमच्या नजरेसमोर."

म्हाताऱ्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "नजरेसमोर? मी काय रांगतोय? आज तू बस इथे. मी हललो तर टेबल तुझ्या हाताने तोड!"

भर दुपारी दोघे बसले. म्हाताऱ्याने बोगद्याची दोन्ही तोंडं प्लास्टरने बुजवली, थापीने साफ केली. "आता सरक म्हणावं कुठे सरकायचं ते." मुलाने गाडीची वायर काढून खिशात घातली. बाहुली फलाटावर होती. दोघांनी पाहिली.

प्लास्टर वाळलं. खोलीत ओल्या चुन्यासारखा वास कोंडला. मग डोंगराच्या पोटातून चाकांचा आवाज आला. बारीक. लांबून येणारा.

"बाबा... गाडी तर इथे उभी आहे."

"मला दिसत नाही होय? आता बोल, विसरतो कोण?"

मुलगा फलाटाकडे बघत होता. तिथे नुसते गोंदाचे दोन ठिपके उरले होते.

आतला आवाज जवळ आला, मंदावला, थांबला. आणि प्लास्टरमागे वाजलं. टक, टक.

"आलो, आलो!" म्हातारा खेकसला. "जिवंतपणी दम नव्हता, आता तरी..." बोलताबोलता तो चपला शोधायला वाकलासुद्धा.

मुलाने त्याचा दंड घट्ट धरला. एरवी म्हाताऱ्याने तो हात झटकून टाकला असता.

टक, टक. यावेळी जोरात. ताज्या प्लास्टरला आतून टाचणीएवढं भोक पडलं.