शेवटचा सात

कागद हातात घेऊन ती तणतणत संगणक कक्षात शिरली आणि बाहेर पडणाऱ्या तंत्रज्ञावर आदळली. त्याचा चहा दोघांच्या बाह्यांवर सांडला. माफी मागायची सोडून तिने कागदच त्याच्यापुढे नाचवला.

"माझ्या संख्येचं हे काय केलंत तुम्ही?"

संख्या एकतीस अंकी, शेवटी सात. ती मूळ संख्या आहे, म्हणजे एक आणि ती स्वतः सोडून तिला कशानेही भाग जात नाही, हे तिने स्वतः शोधलेल्या रीतीने कागदावर सिद्ध केलं होतं. त्या रीतीपायी घरच्यांची बोलणी खाल्ली होती. दादा तर म्हणायचा, हिचं लग्न एखाद्या आकड्याशीच लावून द्या. आज दुपारी परीक्षकांसमोर ती रीत मांडायची होती. मार्गदर्शक मॅडमनी खात्रीसाठी संख्या इथे पाठवली आणि उत्तर आलं, मूळ नाही! आता मॅडम तिला उभीच राहू देणार नव्हत्या.

"यंत्र खोटं बोलत नाही," बाही झटकत तो म्हणाला. मग तिच्याकडे नीट पाहिलं आणि बाही झटकायचीच विसरला.

"मग कशाने भाग जातो, तेवढं सांगा."

तो पडद्यापाशी गेला. उत्तर पुन्हा वाचलं. त्याचे कान लालबुंद झाले.

"दोनाने..."

"शेवटी सात असताना?"

तिला राग आला होता, पण त्याचा चेहरा बघून हसू काही आवरेना.

घोळ त्याच्या लगेच लक्षात आला. त्याने संख्या आधी संगणकावरच्या तक्त्यात, म्हणजे स्प्रेडशीटमध्ये, भरली होती. तक्ता पहिले पंधरा अंक जपतो आणि पुढच्या सगळ्यांची शून्यं करून टाकतो. तिचा सात त्यातच गेला होता. ती शेजारी बसून एकेक अंक वाचू लागली, तो भरू लागला. सात म्हणताना तिने त्याच्याकडे तिरपं पाहिलं, आणि त्याने तो दोनदा तपासला.

पडद्यावर उमटलं : मूळ संख्या.

दुपारी परीक्षकांनी आडवेतिडवे प्रश्न विचारले. ती एकालाही अडली नाही. शेवटी मॅडमनीच आधी टाळी वाजवली, मग सगळं दालन दणाणलं. मागच्या भिंतीशी तो उभा होता. ती थेट त्याच्याकडे गेली.

"एक कळलं नाही. तक्ता कशाला काढलात?"

"नव्हता लागत... इतरांचे आकडे मी तसेच टाकतो. तुमचे सुबक मांडून द्यायचे होते. जिन्यात रोज आकडे पुटपुटत जाता — बोलायला काही निमित्तच मिळत नव्हतं."

"मग आता तरी 'तुम्ही' सोड."

"तू... तूसुद्धा?"

"मी सोडलंय की."

तिने तिथूनच फोन लावला. "दादा, जिंकले! आणि ते आकड्याशी लग्न राहू दे. माणूस सापडलाय."

शेजारी पुन्हा दोन कान लाल झाले.