शेजारच्या सीटचा ब्रेक

हे खरं घडलंय. कुणाकडून ऐकलेलं नाही. मी स्वतः मागच्या सीटवर बसून पाहिलंय. पटलं तर घ्या, नाही तर सोडून द्या. वाद घालायची ताकद आता माझ्यात उरलेली नाही.

आणि रात्र वगैरे नव्हती. रविवार होता, संध्याकाळचे पावणेसहा. बंद गोदामांमागचा सरळ रस्ता. चांगलं लख्ख ऊन होतं.

चाळीस वर्षं मी गाड्या दुरुस्त केल्या. घरात आम्ही तिघंच. मी, माझी लेक आणि तिची अठरा वर्षांची पोरगी, चिंगी. लेक नर्स आहे, अपघाताच्या वॉर्डात. तिथे काय काय येतं ते ती घरी कधी सांगत नाही. पण चिंगीने गाडी शिकायचं नाव काढलं आणि लेक दोन दिवस धड जेवली नाही.

शेवटी मीच तोड काढली. आमच्या भागातले ड्रायव्हिंग शिकवणारे मास्तर नुकतेच वारले होते. गाडीत नाही, घरी, झोपेत. त्यांची गाडी नेहमी माझ्याच हाताखालून जायची. ती मी घेतली. शिकवायची गाडी, म्हणजे शेजारच्या सीटसमोरही एक ब्रेक. शिकणाऱ्याने घोळ घातला की मास्तर आधी जिभेने 'टक्' करायचे, मग तो दाबायचे. त्यांच्याकडे शिकलेल्या प्रत्येकाला ते 'टक्' माहीत होतं.

लेक म्हणाली, "त्या ब्रेकवर माझा पाय असेल, तरच शिकेल ती."

झालं. लांबून सायकल दिसली, दाब ब्रेक. कुत्रं उठून बसलं, दाब ब्रेक.

"आई, गाडी मी चालवतेय की तू?"

"तू चालव ना. मी कुठे धरलंय तुला?"

"धरलं नाहीस, जखडलंयस!"

"रोज मी काय बघते ते तू बघ एकदा, मग बोल."

दोन महिने हेच. पोरगी रडकुंडीला आली. लेकीच्या डोळ्यांखाली काळं आलं.

मग मी एक शहाणपणा केला.

लेक ड्युटीवर असताना त्या ब्रेकची दांडी काढून ठेवली. पेडल तसंच राहू दिलं, स्प्रिंगसकट. दाबलं की खाली जायचं, सोडलं की वर यायचं. पण त्याला काहीच जोडलेलं नव्हतं.

कुणाला सांगितलं नाही. म्हटलं, दाबू दे बिचारीला. तिच्या जिवाला बरं वाटेल आणि पोरीला मोकळीक मिळेल. तसंच झालं. लेक दाबायची, त्याच वेळी चिंगी स्वतःच हळू व्हायची, आणि लेक म्हणायची, "बघितलंस? वेळेवर दाबला."

मी मागे बसून मनातल्या मनात हसायचो.

त्या रविवारपर्यंत.

चिंगी कसलीशी गंमत सांगत होती. मान आईकडे वळलेली. आणि पुढे गोदामाच्या फाटकातून पाण्याचा टँकर मागे मागे येत होता.

मला दिसला. ओरडायला तोंड उघडलं.

लेकीनेही पाहिलं. तिने सगळ्या अंगाचा भार त्या पेडलवर टाकला.

त्या मेलेल्या पेडलवर.

आणि...

टक्.

गाडी जागच्या जागी थांबली. टँकर आणि आमच्यात एक वीत अंतर.

"दाबला मी..." लेक पुटपुटली. "दाबला गं."

"आई, तूच वाचवलंस," चिंगी रडायला लागली. "माझा पाय ब्रेकवर नव्हताच. खरंच नव्हता."



घरी आल्यावर टॉर्च घेऊन पेडलखाली डोकं घातलं. दांडी नव्हती. ती माझ्या कप्प्यात होती, फडक्यात गुंडाळलेली, जशी ठेवली होती तशीच.

त्याच संध्याकाळी ती परत बसवली. लेकीला आजवर सांगितलेलं नाही.

पुढच्या वेळी लेक कामावर होती, तिला न सांगताच आम्ही दोघं निघालो. मी मागेच बसलो.

"आजोबा, पुढे या की. मी काय टॅक्सीवाली आहे?"

"मागेच बरं आहे."

गाडी निघाली. शेजारची सीट रिकामी.

आणि पट्टा लावा म्हणून गाडी वाजायला लागली... पीं... पीं... पीं...

तो आवाज सीटवर वजन असल्याशिवाय होत नाही. वायर मी नंतर दोनदा तपासली. चांगली आहे.

चिंगीने हात लांब करून रिकाम्या सीटवरून पट्टा ओढला आणि लावला. आवाज थांबला. "म्हातारी गाडी, तिचे लाड करावे लागतात," ती हसली.

मी वाकून पाहिलं. पट्टा सीटला टेकला नव्हता.

मधेच, हवेत, ताणलेला होता.

आणि तिथून एक उसासा आला... पार थकलेल्या माणसाचा.

दुसऱ्या दिवशी मी मास्तरांच्या घरी, त्यांच्या बायकोकडे, मास्तरीणबाईंकडे गेलो. त्या कपड्यांच्या घड्या घालत होत्या. मी आडून आडून विचारलं.

"फार दमले होते हो," त्या म्हणाल्या. "झोपेतसुद्धा पाय दाबत राहायचे. पायथ्याची चादर फाटायची. तीस वर्षं लोकांची पोरं सांभाळली ना."

"सुट्टी घ्यायची होती त्यांनी."

"कसली सुट्टी! त्यांचा एक नेम होता. पोराच्या आईबापांपैकी कुणीतरी यायचं आणि स्वतःच्या तोंडाने म्हणायचं, 'मास्तर, आता उतरा.' तेव्हाच ते उतरायचे आणि पोरगं पहिल्यांदा एकटं जायचं. कुणी म्हटलं नाही, तर बसून राहायचे. कितीही दिवस."

घडी घालता घालता त्या थांबल्या.

"तुमच्या नातीला नव्हतं ना शिकवलं त्यांनी?"

मी म्हटलं, "नाही."

चिंगीला लायसन मिळालं. आता ती सकाळी सहाला एकटीच कामावर जाते. आठ महिने झाले, गाडीला ओरखडा नाही. लेक रात्रपाळी करून येते आणि चहा न घेता झोपते. कित्येक वर्षांनी तिला झोप लागते.

म्हणायचं तर तीनच शब्द आहेत. लेकीला यातलं काही ठाऊक नाही, तेव्हा म्हणायचे ते मीच.

आजही पहाटे गेलो होतो. चिंगी डबा घेऊन येईपर्यंत गाडीपाशी एकटाच होतो. काचेला तोंड लावलं. "मास्तर..." एवढं बोललोसुद्धा.

आतला उसासा मधेच थांबला. कुणीतरी ऐकत असल्यासारखा...

तेवढ्यात चिंगी आली. उरलेले दोन शब्द मी गिळले, फाटक उघडलं आणि बाजूला झालो.