मधलं पुसट

जुन्नरच्या बाजारपेठेत, भांड्यांच्या दुकानावरच्या खोलीत आमचा एक्स-रे टेक्निशियनचा वर्ग भरतो. मी फिजिक्स शिकवतो. "सर, मला न्हाई जमायचं. आज नाय कळलं तर उद्यापासनं येनार न्हाई," असं घाटघरच्या तेजस्विनीनं सकाळीच बजावलं. एवढी हुशार पोरगी हातची घालवायची नव्हती, म्हणून दुपारी तिला थांबवून घेतलं. निमगाव सावाचा गोरखही सोबत थांबला.

मला भारी हुरूप आला होता, कारण सॉफ्टवेअर मी स्वतः लिहिलेलं. स्क्रीनवर एक वर्तुळ. माउसनं त्याच्याभोवती फिरायचं, निरनिराळ्या बाजूंनी क्ष-किरण सोडायचे, की सीटी स्कॅनसारखं आतलं चित्र उमटत जातं. किरणही खोटे, चित्रही खोटं, सगळं गणित. वर्तुळात मी नुसतं पाणी ठेवलं होतं.

"सर, बरगड्या!" तेजस्विनी ओरडली.

खरंच बरगड्या होत्या. मी गोरखकडे डोळे वटारले.

"आयशप्पथ, म्या हातबी लावला न्हाई!"

मी फाइल तपासली. पाणीच होतं. पण घाबरतो कशाला, माझ्या प्रोग्रामनं इतकं देखणं चित्र कधी काढलं नव्हतं!

"पन पुसट का?" तिनं विचारलं.

"हलतं ते पुसट येतं. म्हणून तर पेशंटला श्वास रोखायला सांगतात."

"मंग आमी रोखू का?" गोरखनं गाल फुगवले. काही फरक पडला नाही. तेजस्विनीनं रोखला आणि बरगड्या रेखीव झाल्या. सोडला, पुसटल्या.

आम्हा तिघांचं नाचायचंच बाकी होतं. पुन्हा करून पाहिलं, पुन्हा तेच. लॅपटॉपला चार्जरशिवाय काहीही जोडलेलं नव्हतं.

"आन हे मधलं पुसट?"

"ते हृदय. ते रोखता येत नाही."

तिनं डोळे मिटून पुन्हा श्वास रोखला.

मधलं रेखीव झालं.

"लई भारी!" गोरखनं टाळ्या वाजवल्या.

तिनं श्वास सोडला. बरगड्या पुसटल्या.

मधलं तसंच राहिलं.

मी तिची नाडी बघायला हात पुढे केला.

"थांबा सर, तुमी नका सांगू, मी सांगते!" तेजस्विनी उठून उभी राहिली. "बरगड्या हलत्यात, म्हनून पुसट. मधलं थांबलंय, म्हनून क्लिअर. बरोबर ना?"

तिचा चेहरा इतका खुललेला मी कधीच पाहिला नव्हता.

उत्तर बरोबर होतं. ती माझ्या 'हो'ची वाट बघत उभी होती.