अर्धा इंच आखूड

चोकची वायर बदलणं हे अर्ध्या तासाचं काम आहे. मला त्याला पाच सोमवार लागले.

मी उद्यमनगरात पॅटर्न बनवतो. फाउंड्रीत लोखंड ओतण्याआधी त्या वस्तूचा लाकडी नमुना लागतो, तो माझ्या हातचा असतो. एका सुताचा फरक पडला तरी माल परत येतो, त्यामुळे मापाच्या बाबतीत मला कुणी शिकवू नये असं माझं मत होतं.

गाडी आबांची, माझ्या वडिलांची. अठ्ठावन्न सालची डुक्कर फियाट. आबा एका फाउंड्रीच्या मालकाकडं तीस वर्षं ड्रायव्हर होते, आणि निवृत्त झाल्यावर मालकांनी तीच गाडी त्यांना देऊन टाकली. जवाहरनगरातल्या आमच्या घरापुढं पत्र्याची शेड आहे, तिच्यात ती भिंतीला घासून उभी असायची. डावीकडची दारं भिंतीमुळं उघडत नसत. उजवीकडचं मागचं दार गंजून बसलेलं, पुढच्याचं आतलं हँडल तुटलेलं, काचही अडकलेली. आबा आत बसले की उतरताना काचेवर बोटानं दोनदा टकटक करायचे, मग कुणीतरी बाहेरून दार उघडायचं. हँडल बसवून देतो म्हटलं तर म्हणायचे, "र्‍हाऊ दे. मालकास्नी मी तीस वर्षं दार उघडलं, आता माझ्यासाठी कुणीतरी उघडू दे की."

अठ्ठ्याण्णवच्या नोव्हेंबरात चोकचा नॉब तुटक्या वायरीसकट आबांच्या हातात आला. चोक म्हणजे कार्बोरेटरची हवा अडवणारी एक पत्र्याची झडप. नॉब ओढला की वायर ती झडप मिटवते, आणि थंडीत गार पडलेलं इंजिन त्याशिवाय धरत नाही. नेमकं तेव्हाच कागलला आबांच्या थोरल्या बहिणीनं, बायडाबाईनं, अंथरूण धरलं होतं.

"आबा, एसटीनं जाऊया की," मी म्हणालो.

"माहेरपणाला आलेल्या आक्काला सासरी मी ह्याच गाडीतनं सोडलंय. जाईन तर ह्याच गाडीतनं."

झालं. त्यांनी एकदा म्हटलं की विषय संपला.

पहिल्या सोमवारी, उद्यमनगरच्या सुट्टीला, मी जुनी वायर काढून मापली. अठ्ठेचाळीस इंच. लक्ष्मीपुरीत गुंडू नावाचा एक केबलवाला मापानं वायरी करून देतो. त्याच्याकडून करून आणली. आबा सीटवर नॉब धरून बसले, मी बोनेट उघडून कार्बोरेटरपाशी उभा राहिलो. वायर अर्धा इंच आखूड.

मी कपाळावर हात मारून घेतला. मापताना हाताला सवयीची, कामावरची पट्टी आली होती. लोखंड निवताना आकसतं म्हणून आमच्या पट्टीतला इंच खऱ्या इंचापेक्षा किंचित मोठा असतो. अठ्ठेचाळीस इंचांना फरक बरोबर अर्ध्या इंचाचा. आबा मनसोक्त हसले. मलाही हसू आलं. चूक सापडली होती, आणि सापडलेल्या चुकीचा मला कधी राग येत नाही.

दुसऱ्या सोमवारी साध्या टेपनं मापून एकोणपन्नासची वायर आणली. ती दोन इंच आखूड.

तिसऱ्या सोमवारी मी नॉबपासून कार्बोरेटरपर्यंत दोरी ओवली, ताणली, गाठ मारली आणि ती दोरीच गुंडूपुढं टाकली. "ह्याच्यापेक्षा एक इंच जास्त दे."

ती चार बोटं आखूड निघाली.

"पावणं," गुंडू म्हणाला, "गाडी वाढाय लागलीया काय तुमची? चारा काय घालता?"

दुकानातली चार माणसं हसली. माझं डोकं फिरलं. घरी येऊन मी गाडी बाहेरून मापली, बोनेटच्या टोकापासून स्टिअरिंगपर्यंत. गेल्या सोमवारी लिहून ठेवलं होतं तेवढंच माप आलं, एक सूत इकडंतिकडं नाही.

त्याच दिवशी आणखी एक गोष्ट मला खटकली. वायरीच्या कामाला दोन माणसं लागतात. मी पुढून ओरडायचं, "वढा!" आबांनी नॉब ओढून सांगायचं, "वढला!" पहिल्या सोमवारी माझा शब्द संपायच्या आत त्यांचा आलेला. आता मध्ये थोडा वेळ जात होता. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी कान जायचेच, असं मी स्वतःला सांगितलं. पण मी दार उघडल्यावर आबा घरात गेले आणि स्वयंपाकघरातून माझ्या बायकोनं, शालूनं, रोजच्यासारखं न बघताच सांगितलं, "आबा, पाय पुसून या." शेडमधल्या ऑइलचे ठसे फरशीवर उमटतात म्हणून ती त्यांच्या पावलांचा आवाज आला की हेच म्हणायची. आबांनी तिथल्या तिथं उत्तर दिलं, "पुसलं की बाई." कान ठणठणीत होते.

चौथ्या सोमवारी मी घड्याळ लावलं. "वढा!" म्हटलं आणि बोनेटच्या बाजूनं डोकावून आत पाहिलं.

आबांनी लगेच नॉब ओढला. त्यांचे ओठ हलले. ओठ मिटले. ते माझ्याकडं बघत शांत बसले.

अकरा सेकंदांनी आवाज आला, "वढला!"

अंगावर काटा आला हे खरं. पण त्याहून जास्त चीड आली. सरळ साधी गोष्ट, चार फुटांची, आणि ती माझ्या हाताखाली नीट होईना. वायर तर हातभर आखूड होती.

"आबा, तुम्हाला आत काय जाणवतंय का?"

मी दार उघडल्यावर उतरून ते म्हणाले, "तू लांबनं बोलतोस बाबा. जरा मोठ्यानं बोलत जा."

पाचव्या सोमवारी मी दुप्पट लांबीची वायर आणली. नॉबला जोडली, आत सारत गेलो, सारत गेलो. आठ फुटी वायर आत गेली आणि पुढं कार्बोरेटरपाशी तिचं टोक जेमतेम निघालं. पक्कडीनं ओढून मी ते झडपेच्या स्क्रूत कसंबसं आवळलं. कागलहून निरोप आला होता, बायडाबाईंनी अन्न सोडलं होतं. आबा सकाळपासून कोट घालून सीटवर बसले होते.

"वढा!"

आत आबांच्या मुठीत नॉब पुढं आला. ओठ हलले. झडप हलली नाही. आवाजही आला नाही. मी घड्याळ बघत उभा राहिलो. एक मिनिट. दोन. चार.

चार मिनिटांनी माझा तोल सुटला. मी पक्कड आपटली आणि ओरडलो, "आबा, बास झालं हे खूळ! उतरा खाली आन् घरात या!"

आणि रागानं पाय आपटत घरात निघून गेलो. दार न उघडता.

अर्ध्या तासानं शालू चहाला बोलवायला गेली. आबा तसेच बसले होते, मुठीत नॉब धरून. डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं, त्यांना काही कळलंही नसेल. काचेवर आतून बोटांचे दोन ठसे होते. ते मी कुणाला दाखवले नाहीत.

तीन दिवसांनी बायडाबाईही गेल्या.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे परतले. मी सागवानाचे ठोकळे शेडमध्ये आणून तिथंच काम करायला लागलो. शालूला वाटलं दुःखानं करतोय. दुःख होतंच. पण मी पॅटर्नवाला माणूस, मला आकडे सुटत नव्हते. दर सोमवारी उत्तराला वेळ जास्त लागत गेला होता. शेवटच्या दोन हाकांची उत्तरं अजून यायची होती. मी बापावर खेकसलो होतो, त्याला आत कोंडून गेलो होतो, आणि त्यावर तो काय म्हणाला ते मला ऐकायचं होतं. शिवी दिली असती तरी चाललं असतं.

आबांना बाहेर काढल्यावर गाडीचं दार मी परत बंद करून ठेवलं होतं, तेव्हा होतं तसंच. बोनेट उघडं.

एकोणिसाव्या दिवशी सकाळी आठ वाजता मी रंधा मारत होतो.

झडप मिटली. टक्.

"वढला!"

आवाज आबांचाच होता, थोडा दमलेला.

सीटवर कुणी नव्हतं. नॉब मात्र पुढं आलेला होता.

मी घड्याळ पाहिलं. त्या दिवशी माझ्या दोन हाकांमध्ये चार मिनिटं गेली होती.

एक मिनिट गेलं. शेजारच्यांच्या नळाला पाणी आलं, घागरी वाजल्या. आत शालू भाकरी थापत होती.

दोन मिनिटं. पळून जावं असं वाटलं. रंधा खाली ठेवला.

तीन. मी दारापाशी जाऊन उभा राहिलो.

चार.

"आलो, आलो."

रागाचा लवलेश नव्हता. रोज जेवायला बोलावल्यावर म्हणायचे, तसंच.

मग काचेवर आतून टकटक. दोनदा.

हँडल गार होतं. मी ते दाबलं आणि दार पूर्ण उघडून धरलं, आबा मालकांसाठी धरायचे तसं. सीटची स्प्रिंग करकरली आणि दबलेली गादी हळूहळू वर आली. माझ्या हातावरून थोडी हवा गेली, बाकी काही नाही.

मी दार धरून तिथंच उभा होतो, तेवढ्यात स्वयंपाकघरातून शालूचा रोजचा आवाज आला.

"आबा, पाय पुसून या."

आणि भाकरी थापायचा आवाज थांबला.