व्हरांड्यातला दिनविशेष

आजच्याच दिवशी — एका वैज्ञानिकाचा जन्म.
आजच्याच दिवशी — एका बेटावरचा ज्वालामुखी जागा झाला.
आजच्याच दिवशी —

"मोठ्यानं म्हणा की. आम्हीही ऐकू," शेजारच्या खुर्चीवरचा तरुण म्हणाला.

ती दचकली. सकाळी रेडिओवर वाचलेला दिनविशेष ती प्रसूतिगृहाच्या व्हरांड्यात पुन्हा पुटपुटत होती. जीव थाऱ्यावर राहावा म्हणून. आत ताई होती, भावोजी अजून वाटेत.

"तुम्ही कोणाकडचे?" तिनं विचारलं.

"बाळांचा डॉक्टर. बोलावतील म्हणून बसलोय."

"म्हणजे... आत माझी ताई आहे. काही गडबड?"

त्याचं हसू उतरलं. "बाळाचे ठोके जरा मंदावलेत. पण मी इथंच आहे ना."

"आणि तुम्ही इथं बिस्किटं काय खाताय!"

"सकाळपासून उपाशी आहे हो. घ्या, अर्धं तुम्हाला."

तिनं घेतलं. तेवढ्यात नर्सनं हाक मारली आणि तो धावला.

आजच्याच दिवशी — दार बंद झालं.
आजच्याच दिवशी — कुणी रडलं नाही.
अजून नाही.
अजून...

शतकंच्या शतकं एका दमात वाचणारी ती. पण हा एक क्षण काही केल्या सरेना.

— आणि मग आवाज! बारीक, चिरका, भयंकर चिडलेला.

तो बाहेर आला. केस कपाळाला चिकटलेले, हातात गाठोडं. "ताई बरी आहे, टाके घालताहेत. मावशी, धरा भाचीला!"

तिनं धरलं. एवढीशी मूठ... आणि तिला नखंसुद्धा! तिच्या अंगावर काटा आला. त्या वैज्ञानिकाच्या वेळीही दाराबाहेर कुणीतरी असाच श्वास रोखून बसलं असेल. रोज नुसतं नाव वाचून ती पुढं जायची.

"सगळे असेच आले?" ती कुजबुजली. "राजे, शास्त्रज्ञ, सगळे?"

"सगळे. असेच चिडलेले." तोही बाळाकडेच बघत होता. "रोज बघतो, तरी... सवय होत नाही." मग हळूच, "आवाज ओळखलाय मी तुमचा. हिचं सांगाल रेडिओवर?"

"छे! पन्नास वर्षं जुनं असल्याशिवाय आमचे साहेब काही घेत नाहीत."

"बरं..." तो उगाचच टोपडं सारखं करत राहिला. "मग थांबायला हवं. तुम्ही थांबणार असाल, तर — मीही..."

"पन्नास वर्षं?"

"सुरुवात चहानं करू."

तिचे कान तापले. बाळानं तिचं बोट गच्च धरलं होतं.

"आधी हिला ताईकडे नेऊ," ती म्हणाली. "मग चहा. आणि मग... बघू, पन्नास वर्षं पुरतात का ते."