मुठीतली पट्टी

काळोखी एल्फांशी तहाला एक दिवस उरला होता आणि तो जुळवून आणणारे म्हातारे फेलोर भर दुपारी चौकातल्या विहिरीपाशी मरून पडले. पाठीत सुरी, मुठीत पांढरी पट्टी.

तसली पट्टी काळोखी एल्फच डोळ्यांवर बांधतात. भुयारात जन्म गेल्यावर ऊन सोसणार कसं? आणि गावात काळोखी एकच होती, तहासाठी आलेली म्हातारी द्रुझा. शिक्षाही ठरली: उद्या दुपारी तिला उघड्या डोळ्यांनी उन्हात उभं करायचं. डोळे कायमचे जाणार.

"पुरावा ढळढळीत आहे, इल्वरिन," तिचा मदतनीस ओद्रिन म्हणाला. मनाचा चांगला, पण डोक्याने जरा सावकाश.

"म्हणूनच टोचतोय," इल्वरिन म्हणाली. गुन्ह्यांचा छडा लावणं हा तिचा धंदा. उजेडातली एल्फ असून काळोखीची बाजू घेते म्हणून गाव तिच्या नावाने बोटं मोडत होतं. मोडू देत!

कोठडीत द्रुझाच्या डोळ्यांभोवती काळा थर होता.

"हे काय, आजी?"

"काजळाचं मलम गं. ते न लावता पट्टी बांधली तर डोळे भाजतात. आज दुपारी मी झोपले होते. तुमची दुपार ती आमची रात्र."

फेलोरांचा मुलगा हाल्दिस भडकलेलाच होता. "काळोख्यांच्या चिंधीला बोट लागलं तरी मी मातीने हात घासतो!"

धोबीण मेरेल चादरी पिळत होती. "तिच्या पट्ट्या मीच धुते, नाइलाजाने. मेलं काजळ राखेच्या पाण्यात उकळल्याशिवाय निघत नाही. धुतलेल्या माझ्या कपाटात, कुलपात. रोज सकाळी एक तिच्या दाराशी नेते, ती लगेच बांधते आणि वापरलेली मला देते."

"घरी कोण कोण?"

"दोन मुलगे होते. काळोख्यांशी लढताना भुयाराच्या तोंडाशी पडले."

दुसऱ्या दिवशी चौक भरला. द्रुझाला पट्टी काढून विहिरीच्या भिंतीच्या सावलीत उभं केलं होतं. सावली आखडत चालली होती.

इल्वरिनने पट्टी उंच धरली. "हिच्यावर काजळाचा एक डाग दाखवा."

"धुतली असेल," हाल्दिस गुरगुरला.

"मेलेल्या माणसाच्या मुठीत? ही कुणाच्या डोळ्यांवर चढलीच नाही. घडीची रेघसुद्धा मोडलेली नाही. द्रुझाकडे एकच पट्टी असते, ती काजळाने माखलेली. कोऱ्या पट्ट्या कुलपात. मेरेल, किल्ली कुणाकडे असते?"

ओद्रिनने कपाळावर हात मारला.

"माझ्याकडे!" मेरेल ओरडली. "मीच मारलं त्याला! माझी पोरं मातीत, आणि हा काळोख्यांच्या पंगतीला बसणार?"

सगळे तिच्याकडे बघत राहिले. तेवढ्यात सावली सरली. द्रुझा किंचाळली. इल्वरिनने धावत जाऊन तिच्या डोळ्यांवर तळहात दाबले. "पट्टी आणा कुणीतरी!"

कुणी हलेना. मेरेलनेच ओटीतून एक धुतलेली पट्टी काढली. "दुहेरी बांधा," ती रडत म्हणाली. "तिचा डावा डोळा नाजूक आहे. रोज त्याच बाजूला ओल असते."

हाल्दिस पुढे झाला. त्याने पट्टी घेतली, दुहेरी केली आणि द्रुझाच्या डोक्यामागे गाठ मारली.

त्या दिवशी त्याने मातीने हात घासले नाहीत.