डावखुरी गाठ

बालमित्रहो, पुढे जी हकीकत निवेदन होणार आहे, ती एका पेटीची व तीन मुलांची आहे. तिच्यात साहस आहे. तथापि हसू थोडे आहे, हे आरंभीच नम्रपणे नमूद करतो.

त्या सुट्टीत चिमीचे बाबा मुलांना आपले बंदर दाखवणार होते. ते खलाशी. परंतु भर समुद्रात तापाने त्यांना नेले. मग त्यांची पेटी ताब्यात घेण्याकरिता चिमी, तिची आई आणि चुलत भावंडे ताई व फटाका त्या विशाल शहरी आली. फटाक्याचे तोंड क्षणभरही मिटत नसे, म्हणून हे नाव!

बंदराच्या गोदामात सर्व खलाशांच्या पेट्या एकसारख्या, करड्या पत्र्याच्या, दोराने बांधलेल्या. कारकुनाने एक पुढे ढकलली.

"चिठ्ठीवर नाव आहे. सही करा नि न्या."

"आई, थांब!" चिमी ओरडली. "ही बाबांची नाही! बाबा डावखुरे. त्यांच्या गाठीचं टोक उलट बाजूला निघतं. ही बघा माझ्या बुटाची नाडी, त्यांनीच शिकवलीय!"

"चिठ्ठीपेक्षा तुझी नाडी मोठी का गं?" कारकून म्हणाला.

इतक्यात ताई खाली वाकली. "काका, पेटीवर चुन्याचे शिंतोडे आहेत, आणि चिठ्ठी त्यांच्या वर चिकटवलीय!"

कारकून चपापला. "भिंतींना चुना मारताना चिठ्ठ्या काढल्या होत्या. हमालाने परत लावल्या."

"कशा लावल्या?" ताईने विचारले.

दाराशी उभ्या हमालाने मान खाली घातली. "आठवून."

"अरे देवा!" फटाका म्हणाला. "मला तर सकाळचा डबाही आठवत नाही!"

सर्व गाठी तपासल्या. सगळ्या उजव्या! एक पेटी मात्र नुकतीच तीन वाजताच्या बोटीकडे रवाना झाली होती. मुले जीव खाऊन धावली. धक्क्यावर क्रेनचे जाळे वर उचलले जात होते आणि त्यात ती करडी पेटी!

"थांबवाऽऽ!"

फटाक्याच्या त्या आरोळीने क्रेन जागच्या जागी थबकली. पेटी उतरली. चिमीने गाठीशेजारी आपला बूट ठेवला. दोन्ही टोके एकाच बाजूला होती.

"शाबास पोरांनो!" बंदराचे मोठे साहेब म्हणाले. "दोन घरांच्या पेट्या वाचवल्यात!" कोणी हसले नाही. कारकुनाने सुरी आणली.

"कापू नका," चिमी म्हणाली. तिने दोर कडेने सरकवून काढला. गाठ अभंग राहिली.

आत कपड्यांवर एक कागद होता. आईने वाचला: 'सुट्टीत दाखवणे. दीपगृह. दुर्बीण. क्रेन, तेथे फटाक्याला मनसोक्त ओरडू द्यावे.'

फटाका प्रथमच गप्प झाला. आईने पदर तोंडाला लावला.

"क्रेन झाली," चिमी हळूच म्हणाली. "दोन राहिली."

ती दोन ठिकाणे सायंकाळपर्यंत त्या हमालाने मुलांना दाखवली. चिमीच्या खांद्यावर तो दोर होता. दुर्बिणीतून ती फार वेळ समुद्राकडे पाहत राहिली. मागे रांग असूनही कोणी घाई केली नाही.

वाचकहो, नुसते आठवून चिठ्ठ्या लावणारा तो हमाल मीच. त्यानंतर मी बघितल्याशिवाय एकही चिठ्ठी चिकटवली नाही. आपण शेवटपर्यंत वाचलेत, याबद्दल मनःपूर्वक आभार.

आपला नम्र,
गोदामवाला तात्या